वकिलाचा पाय आणि आमचे साहेब

साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीची माफी मागत होते.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यापुढं लोखंडी खोडा होता. त्यात ती म्हैस उभी, आणि तिच्या तोंडासमोर हा सहा फुटी माणूस हात जोडून म्हणतोय, “चुकलं माझं. सुई बोथट निघाली. आपल्याला विनाकारण त्रास झाला.” म्हैसही खानदानी. तिनं साहेबांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग फुर्रकन नाकातलं सगळं त्यांच्या शर्टावर उडवलं आणि प्रकरण मिटवलं. साहेब समाधानानं माझ्याकडं वळले.

“कोण बे तू?”

“नवीन व्रणोपचारक, साहेब. आजच हजर झालो.”

“व्रणोपचारक म्हंजे काय, माहीत आहे?”

“नाही साहेब.”

“पट्ट्या बांधणारा अन् लाथा खाणारा. शेपूट धर.”

मी शेपूट धरलं. पुढची अकरा वर्षं ते माझ्या हातातून सुटलं नाही.

गाव सोनाळ्याच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायाशी. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आम्हाले काऊन ओढलं म्हशीच्या गोष्टीत. साहेब मूळचे धाड गावाकडचे. निवृत्त होऊन तिकडंच राहायला गेले होते, आणि दोन वर्षांपूर्वी तिकडंच वारले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसांनी खांदा दिला म्हणे. मला आपलं वाटलं, बैलगाडीतून न्यायला हवं होतं.

साहेबांचा एक नियम होता. माणसाला अरे-तुरे आणि जनावराला अहो-जाहो. यात सूट नाही. एकदा पंचायत समितीचे एक मोठे पुढारी आपला कुत्रा घेऊन आले. आमच्याकडं खुर्ची एकच. साहेब कुत्र्याला म्हणाले, “बसा.” पुढाऱ्याला म्हणाले, “तू उभा राय बे थोडा.” कुत्रा बसला. पुढारी तासभर उभा राहिला, आणि विशेष म्हणजे जाताना कुत्र्यापेक्षा तोच जास्त शेपूट हलवत होता.

केसपेपरवर सरकारनं ‘मालकाचे नाव’ असं छापलं होतं. साहेब ते खोडून ‘सोबत आलेला इसम’ असं लिहायचे. वर एक रकाना स्वतःच्या हातानं आखायचे: व्यवसाय. दुभत्या गाईपुढं ‘गृहिणी’. कालवडीपुढं ‘शिक्षण चालू’. कोंबड्यापुढं नुसतंच ‘पहाटपाळी’. जिल्ह्याचे अधिकारी तपासणीला आले, त्यांनी केसपेपर उलटेपालटे करून विचारलं, “डॉक्टर, हा काय प्रकार आहे?” साहेब म्हणाले, “रुग्णाचा पेशा कळल्याशिवाय औषध कसं लिहू?” अधिकाऱ्यांनी केसपेपर खाली ठेवले. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “माझ्या सासऱ्यांचा गुडघा दुखतो. हे बघतील का?”

साहेबांची मोटरसायकल इतकी वाजायची, की ती गावाबाहेरच्या पुलावर आली की सोनाळ्याच्या बाजारातल्या म्हशी पान्हा सोडायच्या. लसीकरणाच्या दिवशी तो आवाज ऐकून वासरं आपण होऊन उंचीप्रमाणं रांगेत उभी राहायची. हे मी स्वतः पाहिलं आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर त्यानं ती मोटरसायकल शोधून काढावी आणि सुरू करून दाखवावी.

पण एक गोष्ट मात्र अशी, की तिच्यात मीठमसाला टाकायला मला कधी जागा सापडली नाही. लंगडणारं जनावर आलं की साहेब त्याच्याकडं पाठ करायचे. डोळे मिटायचे. म्हणायचे, “चालव त्यांना.” सोबत आलेला इसम बैलाला चालवायचा आणि साहेब नुसते खुरांचा आवाज ऐकायचे. चार खुरांतलं कुठलं उशिरा टेकतंय, कुठलं हलकं पडतंय. मग न वळताच सांगायचे, “मागचा डावा. खुरात नाही, वर आहे.” अकरा वर्षांत हा माणूस एकदाही चुकला नाही. पाय बघायचा नसतो, ऐकायचा असतो, असं म्हणायचे. मी बरेचदा त्यांच्याशेजारी पाठ करून उभा राहिलो. मला फक्त बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू यायची.

आता वकिलाचं सांगतो.

आमच्या गावात सुखदेवभाऊ म्हणून भाजीवाले शेतकरी. वांगी, मिरच्या, सांबार लावायचे. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडं तसंच म्हणतात. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावकीशी वाद झाला, तो कोर्टात गेला आणि भाऊ हरले. त्याच सुमारास त्यांनी दोन गोऱ्हे घेतले. एकाचं नाव ठेवलं वकील, दुसऱ्याचं मुन्सफ. रस्त्यानं जाताना भाऊ मुद्दाम मोठ्यानं ओरडायचे, “चाल बे वकील, काऊन अडून राह्यला? मुन्सफ, गवत खाऊ नको फुकटचं!” गाव हसून बेजार. पण जोडी अशी निघाली, की बाजाराच्या दिवशी पहाटे भाऊ गाडीत भाजीवर झोपी जायचे आणि सोनाळ्याच्या बाजारात, आपल्या ठरलेल्या चिंचेखाली, उठायचे. रस्ता जोडीला पाठ. मुन्सफ मात्र दुसऱ्या कुठल्याही बैलाशेजारी जू खांद्यावर घ्यायचा नाही. एकदा शेजाऱ्याचा बैल लावून पाहिला, तर गाडी ओढ्यात. म्हणजे दोघं मिळून एक बैल होते, असं समजा.

साहेबांची निवृत्ती वर्षावर आली होती, त्या उन्हाळ्यात शेतात पाळी घालताना वळणावर वखर उचलला, वकील एक पाऊल मागं सरकला आणि वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, त्याच्या मागच्या उजव्या पायाला लागली. खुराच्या वर वीतभर. आम्ही पोचलो तेव्हा वकील तीन पायांवर उभा होता आणि गोकर्णाबाई, सुखदेवभाऊंची बायको, आपल्या लुगड्याचा पदर त्या पायाला घट्ट गुंडाळून मातीत बसल्या होत्या.

साहेबांनी पदर सोडला. बोट आत घातलं. बराच वेळ काढलं नाही.

“कंडरा गेली,” म्हणाले. “पाऊण तुटली. पाव शिल्लक आहे.”

“कंडरा म्हंजे?” भाऊंनी विचारलं.

“मांसाला हाडाशी बांधणारा दोर. हे ज्यानं पाय खाली दाबतात, तो.”

अशा जनावराचं पुढं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पायाची जखम भरते, पण दोर जुळत नाही. जुळला तरी ढिला जुळतो आणि खूर उलटं पडतं. गोकर्णाबाईंनी विचारलं, “साहेब, वकील पुन्यांदा चालन का?”

साहेब असल्या प्रश्नाला कधी सरळ उत्तर द्यायचे नाहीत. बघू, म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी वकिलाच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाले, “चालतील.”

परतीच्या वाटेवर पुलावर मोटरसायकल थांबवून मला म्हणाले, “बे, मी ‘चालतील’ म्हणालो.”

“हाव साहेब.”

“काऊन म्हणालो?”

मी काय सांगणार? मागच्या सीटवर बसणाऱ्याला काय कळतं? पण शब्द गेला होता, आणि साहेबांचा शब्द म्हणजे त्यांच्यापुरता कायदाच. तिथून पुढचे चार महिने साहेब त्या एका शब्दाच्या मागं धावले.

शिवण घातली, प्लास्टर घातलं, आणि मग एक दिवस साहेब कसलेसे कागद वाचून आले. म्हणाले, रेसच्या घोड्यांवर एक उपाय करतात. घोड्याचंच रक्त काढायचं, ते यंत्रात फिरवायचं, वरचा पिवळा पाझर काढून घ्यायचा आणि दुखावलेल्या कंडरेत सोडायचा.

“घोड्याले चालते, पण बैलाले?” मी म्हटलं.

“काऊन? बैल काय कमी शिकलेले असतात?”

सुखदेवभाऊंना त्यांनी गोठ्यात बसून समजावलं. मी तिथं होतो म्हणून मलाही समजलं. “सुखदेव, ऐक. रक्तात बारक्या बारक्या चकत्या असतात. कुठं जखम झाली की त्या तिथं जाऊन फुटतात आणि दवंडी पिटतात. या रे या, इथं काम आहे, नवीन धागा विणायचा आहे. त्या दवंडीला म्हणतात ग्रोथ फॅक्टर. वाढीची हाक. मांसात रक्त भरपूर, तिथं दवंडी लगेच पिटली जाते. कंडरेत रक्त कमी. म्हणजे डोंगरातल्या आपल्या त्या शेवटच्या वस्तीसारखं. एसटीच जात नाही, तर दवंडीवाला कसा जाणार? म्हणून आपण काय करायचं, यांच्याच रक्तातले दवंडीवाले गोळा करायचे आणि सुईनं नेऊन थेट त्या वस्तीत उतरवायचे.”

भाऊ विचारात पडले. “मंग तं बरं होईनच?”

“होईलच असं नाही. हाक मारली म्हणून माणसं येतातच असं कुठं आहे? पण न मारता तर नक्कीच येत नाहीत.”

आता यंत्र कुठून आणायचं? रक्त फिरवायचं यंत्र खामगावच्या लॅबमध्ये, ते विजेवरचं, आणि आमच्याकडं वीज यायची ती सुनेच्या माहेरच्या माणसासारखी. चहा होईपर्यंतसुद्धा थांबायची नाही. साहेबांनी डोकं लढवलं. गावच्या दूध डेअरीत फॅट तपासायचं हातानं फिरवायचं जुनं यंत्र माळ्यावर पडलेलं होतं. नवीन आल्यापासून त्याला कोणी विचारत नव्हतं. डेअरीचा सचिव म्हणाला, “साहेब, न्या, पन वापस आनू नका. लोकाईले समजलं का यात रक्त फिरवलं, तं मले गावात दूध मिळनार नाई.” साहेबांनी ते यंत्र मोटरसायकलवर स्वतःच्या पुढं बसवलं, दुपट्ट्यानं बांधलं आणि नवरीसारखं घेऊन आले. खामगावहून रक्त न गोठणाऱ्या नळ्या मागवल्या, आणि वकिलाच्या मानेतून रक्त काढलं. “थोडं टोचेल हं,” असं त्याला सांगून.

पुढची तऱ्हा साहेबांचीच. यंत्राचा दांडा एकाच लयीत, न थांबता फिरवायचा होता. मनगटावर घड्याळ होतं, पण घड्याळाकडं पाहिलं की हात हलतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वेळ मोजायला त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि पाढे म्हणायला लावले. दोनपासून वीसपर्यंत, खड्या आवाजात, एका चालीवर. विसाचा पाढा संपला की यंत्र हळूहळू सोडायचं. मी सतराच्या पाढ्यात सातव्या ओळीवर अडलो. साहेबांचा हातही अडला. नळीतलं लाल आणि पिवळं परत एक झालं. साहेब माझ्याकडं असं बघत होते, की मी जणू वखर मारला होता.

“बे, तुले सतरा येत नाहीत?”

“साहेब, शाळेत सतराच्या दिवशी मी आजारी होतो.”

त्यांनी वकिलाची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढायचं ठरवलं. मी रात्रभर सतरा घोकला. दुसऱ्या खेपेला गोकर्णाबाई माझ्याबरोबर पाढे म्हणू लागल्या. तिसऱ्या खेपेपर्यंत गोठ्याबाहेर अर्धं गाव जमलेलं. म्हाताऱ्यांनी पाढे सुरू केले, बाया त्यात मिसळल्या, आणि साहेब मधोमध घामानं निथळत दांडा फिरवतायत. शेजारच्या गावातून माणूस आला, कसला सप्ताह बसला आहे विचारायला.

तीन सुया झाल्या. प्लास्टर निघालं, बांबूच्या कामट्या आणि पट्ट्या आल्या. साहेब रोज सकाळी येऊन वकिलाला चालवायचे. पहिल्या आठवड्यात दहा पावलं. अकरावं टाकायला लागला की साहेब त्याच्यापुढं आडवे. “आज एवढंच. दोर अजून वळला गेलेला नाही, नुसता काथ्या भरला आहे. घाई केलीत तर उसवेल.” बैल ऐकायचा हो. मग पंधरा पावलं, मग वीस. साहेब पाठ करून, डोळे मिटून आवाज ऐकायचे. श्रावण लागला तेव्हा चाळीस पावलांवर आलो होतो, आणि एका सकाळी साहेबांनी मिटलेल्या डोळ्यांनीच माझा हात धरला.

“ऐकू आलं?”

“नाही साहेब.”

“तेच. आज काही ऐकू येत नाही. चारही सारखे पडतायत.”

मी त्या माणसाला एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. अजून दीड महिना कामट्या ठेवायच्या, मग मोकळं, मग दिवाळीनंतर रिकामी गाडी, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आणि पोळा आला.

वकिलानं पोळ्याला जायचं नाही, हे ठरलेलंच होतं. सुखदेवभाऊ एकट्या मुन्सफाला सजवून वेशीत घेऊन गेले. साहेब सकाळपासून गोठ्यावर. वकिलाचा पोळा इथंच करायचा म्हणून त्यांनी स्वतः आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, शिंगं रंगवली होती, एक निळं, एक गुलाबी, आणि दोन्ही वाकडी. गोकर्णाबाई ताट घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

“साहेब, एक इचारू? रागावसान तं नाई?”

“बोल.”

“पोळ्याच्या दिवशी जनावराच्या आंगावर जुनं काई ठेवत नाईत. दोर नाई, वेसन नाई. अन् याच्या पायाले थ्या कामट्या. आंघोयबी नीट नाई झाली त्याची. मायं मन नाई होऊन राह्यलं ओवाळाले.”

मी कान झाकायच्या तयारीत. साहेबांना कोणी पट्टी सोडा म्हणावं आणि त्यांनी छप्पर उडवू नये, असं कधी झालं नव्हतं. पण साहेब वकिलाकडं पाहत राहिले. आयुष्यभर ज्यांना ते अहो-जाहो करत आले, त्यांच्या सणाला ते पहिल्यांदा यजमान होते.

“काढू या,” म्हणाले. “तासाभराचा प्रश्न. मी आहे ना इथं.”

त्यांनी स्वतः पट्ट्या सोडल्या. कोमट पाण्यानं तो पाय धुतला, हळद लावली. जुना कासरा सोडला. खिशातली कात्री काढून जुनी वेसण कापली. नवी वेसण गोकर्णाबाईंच्या ताटात होती, हळदीकुंकवाशेजारी. साहेब ती घ्यायला वळले.

तेवढ्यात वेशीत डफडं वाजलं.

वकील नऊ पोळे त्या वेशीत उभा राहिला होता. मुन्सफ तिकडं होता. वकिलानं मान वर केली, कान टवकारले, आणि कोणाला काही कळायच्या आत गोठ्याबाहेर पडला. अंगावर धरायला काही नव्हतं. मी शेपटीला हात घातला आणि ती हातातून निसटली.

तो पळाला. लंगडत नाही, अडखळत नाही. चारही पायांवर, सरळ, रंगवलेली शिंगं उडवत. आणि साहेब, हातात वेसण घेतलेले आमचे साहेब, आनंदानं ओरडले, “पळतायत! बघ बे, पळतायत!”

मग ते थांबले. डोळे मिटले त्यांनी. मी वकिलाकडं पाहत होतो, मला तो पळतानाच दिसत होता. साहेबांना आधी कळलं. ओला सुंभ तुटावा तसा बारीक आवाज झाला असेल, साहेब पुढं तसं म्हणाले. मला ऐकू आला नाही. वकील आणखी तीन पावलं गेला, खूर उलटं पडलं, आणि तो वेशीकडं तोंड करून खाली बसला.

सुखदेवभाऊ मुन्सफाला घेऊन वेशीतून परत आले. वकिलाकडं पाहिलं, मोकळ्या पायाकडं पाहिलं, साहेबांच्या हातातल्या वेसणीकडं पाहिलं.

“बसला का?” म्हणाले. एवढंच.

नंतरचे दोन महिने सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. वकील पुन्हा उभा राहिला नाही, आणि असा बसलेला बैल स्वतः कूस बदलू शकत नाही. एका अंगावर राहिला की त्याला जखमा होतात. आम्ही दिवसातून चारदा त्याला उलटवायचो; साहेब, भाऊ, मी आणि गोकर्णाबाई. साहेबांनी घरची गादी आणून त्याच्याखाली घातली. यंत्र पुन्हा काढलं, रक्त घेतलं, मी पाढे सुरू केले. आठाच्या पाढ्यावर साहेबांनी दांडा सोडून दिला. म्हणाले, “आता कोणाला हाक मारू? दोन्ही टोकं वीतभर लांब गेलीत.” यंत्र त्यांनी पुसून दवाखान्याच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. दिवाळीच्या आधी, एका दुपारी, उलटवत असतानाच वकील आमच्या हातात गेला.

केसपेपरवर साहेबांनी मृत्यूचं कारण लिहिलं: ‘डॉक्टरची चूक.’ खाली सही केली, शिक्का मारला.

त्या दिवसापासून साहेब मला ‘अहो’ म्हणू लागले. अहो, जरा कापूस द्या. अहो, दार लावून घ्या. लोकांना वाटलं, साहेब सुधारले. मला घरी जाऊन जेवण जाईना. जनावरांशी त्यांनी बोलणंच सोडलं. आलेल्या जनावराला मुकाट्यानं तपासायचे, मुकाट्यानं सुई मारायचे. पायाचं दुखणं आलं की तालुक्याला पाठवायचे. पाठ करून ऐकणं बंद. कोणी विचारलं तर म्हणायचे, “माझ्या कानाचं काही खरं नाही.”

खरं त्यांना खात होतं ते वेगळंच. सुखदेवभाऊ त्यांना त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. रस्त्यात भेटले की रामराम. दवाखान्यात वांगी पाठवायचे, पूर्वीसारखीच. एकदा माझ्यासमोर साहेबांनी त्यांना अडवलं.

“अहो सुखदेवराव, एक शिवी तरी द्या.”

“काऊन देऊ?”

“तुमचा बैल मी मारला.”

भाऊंनी डोक्यावरचं भाजीचं गाठोडं खाली ठेवलं, परत उचललं, आणि म्हणाले, “मले बाजाराले उशीर होऊन राह्यला साहेब.” मुन्सफ घरी बांधलेला. भाऊ आता भाजी डोक्यावर नेऊन काळीपिवळी जीपमध्ये टाकायचे. साहेब ते जाईपर्यंत रस्त्यात उभे होते. शिवी मिळाली असती, तर माणूस त्या दिवशी जेवला असता.

वर्ष गेलं. पुढच्या पोळ्याच्या महिन्यातच साहेबांची निवृत्ती होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, “अहो, मी उद्या गावात नाही. सकाळच्या एसटीनं गावी, धाडला जातो. सण झाला की येतो.” बॅग भरून दवाखान्याच्या ओट्यावर ठेवली होती. डफड्याचा आवाज नको होता त्यांना, हे मला न सांगता कळलं.

दिवस मावळायच्या सुमारास सुखदेवभाऊ आले. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पळसाची पानं. मागं गोकर्णाबाई. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. गरम तूप, हळद, पळसाच्या पानानं खांद्यावर चोळायचं, वर्षभर जू वाहिलेल्या जागेवर, आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. साहेबांना वाटलं, मुन्सफाला काही झालं. ते उठले. “काय होतंय त्यांना?”

“मुन्सफाले काई नाई,” भाऊ म्हणाले. “त्याचं करून आलो. तुमी बसा. सदरा काढा.”

“काय?”

“सदरा काढा साहेब. तूप थंडं होऊन राह्यलं.”

“सुखदेवराव, हे काय आहे?”

“आवतन जोडीचं असते,” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, बाजारात भाव सांगतात तसा. “एकट्याले देता येत नाई. मुन्सफ वाटीले तोंड लावून नाई राह्यला. मंग म्या इचार केला, चार महिने त्या दांड्याले कोन जुतलं होतं? वकिलासंग कोन चाललं, धा पावलं, पंधरा पावलं? अन् दोन महिने त्याले कोन उलटवलं?”

“मी पट्टी सोडली हो,” साहेब म्हणाले.

“हाव. सोडली. मले मालूम आहे.” भाऊ खाली पाहत राहिले. “लय राग आला होता साहेब मले. मुन्सफाचा कासरा सोडून तुमच्यावर धावून येतो का काय, असं झालं होतं. पन तुमी ‘पळतायत’ म्हनून वरडले ना, थे वेशीत आयकू आलं. मी तिथून म्हनलं, हाव, माहा वकील पळून राह्यला. थेवढं आयकाले भेटलं मले.”

मी वाटीकडं पाहत होतो. दुसरीकडं कुठं पाहायची सोय नव्हती.

साहेबांनी गुंड्या सोडल्या. एकेक, हळूहळू. सदरा उतरवून मांडीवर ठेवला. ओट्याच्या कडेला बसले आणि मान खाली घातली. सुखदेवभाऊंनी पळसाचं पान तुपात बुडवलं आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवलं, मानेच्या जवळ, जू बसतं बरोबर त्या जागी. तूप अंगावरून ओघळलं. भाऊ चोळत राहिले, घाई न करता, गोठ्यात चोळतात तसे.

“आज आवतन घ्या,” ते म्हणाले, “उद्या जेवाले या.”

या आवतनाला उत्तर द्यायचं नसतं. जनावर काय बोलणार? साहेबही बोलले नाहीत. फक्त माशी बसल्यावर बैलाच्या कातडीवरून एक शिरशिरी जाते ना, तशी एक त्यांच्या खांद्यावरून गेली. सुखदेवभाऊंनी हात काढला नाही.